शिडावरचे शुभेच्छुक

“शीड दोन्ही बाजूंनी दिसते, मंग साहेबाचा फोटो एकाच बाजूनं कायले?” बाभुळगाव शीडनौका मंडळाचे उपाध्यक्ष पंजाबराव शेजारच्या विमलताईंच्या कानाशी कुरकुरले.

सार्वजनिक खरेदीत वस्तू कशासाठी हवी, हा प्रश्न सर्वांत शेवटी घ्यावा. आधी घेतला तर बैठक चहाच्या आत आटोपते. मंडळाकडे धरणाचं पाणी होतं, शर्यतीची होडी होती आणि ती चालवणारी पायल, म्हणजे विमलताईंची भाची, होती. (ती दाराशी उभी होती. खुर्च्या पदाधिकाऱ्यांनाच पुरल्या नव्हत्या.) मुख्य शीड तेवढं ठरायचं होतं.

कापड हलकं की जाड? जाड. हलक्यात अध्यक्षसाहेबांच्या चेहऱ्यामागून ऊन दिसलं असतं आणि तेज नेमकं कोणाचं, यावर वाद झाला असता. शीड ताठ ठेवणाऱ्या आडव्या पट्ट्या अर्ध्या की पूर्ण? पूर्ण, वारा पडला तरी साहेबांचे गाल पडू नयेत. पलीकडची होडी दिसावी म्हणून शिडाला पारदर्शक खिडकी असते. ती साहेबांच्या नाकावर येत होती. सबब प्रतिस्पर्ध्यांना न बघताच हरवायचं ठरलं. (तरंगण्याचं जाकीटही मागवलं होतं; त्यावरचा फोटो मंजूर व्हायचा होता.)

राहिली शीड आखूड करायची सोय. वारा चढला की खालचा भाग दुमडून बांधायचा, म्हणजे होडी उलटत नाही. पण खालच्याच भागात ‘शुभेच्छुक’ म्हणून सारे पदाधिकारी होते, फोटोसकट.

“आपल्याकडं वारा राहतेच किती?” कोषाध्यक्ष मंदार सर म्हणाले. लगेच धरणावरचा वारा सौम्य असल्याचा ठराव आला. भराभर हात वर झाले.

विमलताईंचा हात अर्ध्यावर थांबला. शुभेच्छुकांत त्या तिसऱ्या होत्या. फोटोही कधी नव्हे तो बरा आला होता. परवा पायल सरावाहून नखशिखांत भिजून आली, तेव्हा तिचे केस पुसताना वारा किती होता, हे त्यांनी विचारलं नव्हतं.

त्यांनी हात खाली घेतला.

“ताई, ठराव एकमतानं पाह्यजे नं,” पंजाबराव हसले.

“मंग एकमतानंच लिहा,” विमलताई म्हणाल्या. “शीड आखूड नाही झालं तं होडी उलटते, हे आपल्या साऱ्याइले मालूम आहे. पोरगी बुडाली तं चालते, नाव दुमडलं नाही पाह्यजे. असंच लिहा. खाली सह्या कायले पाह्यजे? शुभेच्छुक म्हणून नावं आहेतच आपली.”