नुआला कॉली लाइनवर आहेत

नुआला कॉली सकाळी दहापासून फोन कानाला लावून स्वयंपाकघरात उभी होती. फोन भिंतीवरचा, वायरवाला, त्यामुळे बसायची सोय नव्हती, आणि तसंही बसून रागावणं तिला कधी जमलं नव्हतं. स्थानिक रेडिओवरच्या 'गावगप्पा' या कार्यक्रमाला ती गेले एकोणीस दिवस रोज फोन करत होती. या एकोणीस दिवसांत रस्त्यातल्या खड्ड्यांवर बोलून झालं, कुत्र्यांच्या घाणीवर बोलून झालं, चर्चच्या दारातली कुंडी कुणी पळवली यावर तर दोन दिवस बोलून झालं. नुआलाच्या बसवर बोलायला मात्र कुणाला वेळ नव्हता.

बस सोळा सीटांची. आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या त्या कोपऱ्यात ती दिवसातून तीनदा धावायची आणि नुआलाच्या घरासमोरच्या चौकात थांबायची. सकाळी अकरा दहाची बस पकडली की ड्रमलाहनला, शुश्रूषागृहात, नवऱ्यापाशी. टॉमीला वसंतात अर्धांगाचा झटका आला होता. तेव्हापासून नुआला रोज जात होती. त्याला चहा पाजायची, वर्तमानपत्र वाचून दाखवायची आणि नर्सच्या चुका काढायची. मग नगरसेवक मॅलकी डर्कन यांनी 'सुरक्षिततेच्या दृष्टीने' थांबा अडीच मैल लांब नेला. लांब म्हणजे नेमका त्यांच्या स्वतःच्या पबसमोर. नुआलाला गाडी चालवता येत नव्हती. आता आठवड्यातून एकदा कुणी नेलं तर टॉमी दिसायचा, नाहीतर नाही. तिने चार पत्रं लिहिली. चारांना मिळून शून्य उत्तरं आली.

"नुआला?" फोनमधून कार्यक्रमाची निर्माती इमेल्डा बोलली. "आज तुमचा नंबर लागला. मयतांची नावं वाचून झाली की कोल्म तुमच्याशीच बोलणार. तेवढा घरातला रेडिओ बंद करा, नाहीतर आवाज घुमतो."

नुआलाने रेडिओ बंद केला. टेबलापाशी बसलेली तिची नणंद फिलोमिना एकदम उठलीच.

"अगं, बंद काय करतेस? नावं लागतील आत्ता."

तिचं खरं होतं. त्या भागात बाकी काही चुकलं तरी चालतं, पण अकराच्या बातम्यांआधी रेडिओवर वाचली जाणारी मयतांची नावं चुकून चालत नाहीत. कोण गेलं हे ज्याला ठाऊक नाही त्याने दुकानात पाय ठेवू नये. एखाद्याच्या मयताला न जाणं हा गुन्हा आहे, आणि 'मला कळलंच नाही' ही सबब तिथे आजवर कुणी ऐकून घेतलेली नाही.

"बस तू," नुआला म्हणाली. "मला फोनमधून ऐकू येतंय. सांगते तुला एकेक."

इमेल्डाने घाईघाईत नुआलाची लाइन आधीच थेट प्रक्षेपणाला जोडून ठेवली होती, हे कुणालाच माहीत नव्हतं. खुद्द इमेल्डा किटली भरायला गेली होती. कार्यक्रम चालवणारा कोल्म टार्पी नावं वाचताना मृतांचा मान म्हणून कानावरचे हेडफोन काढून ठेवायचा. आणि नुआलाचा रेडिओ बंद. म्हणजे सबंध काउंटीत, अख्ख्या जिल्ह्यात, नुआलाचा आवाज ऐकू येत नव्हता तो फक्त या तिघांना, त्यातलीही एक ती स्वतः.

"मार्टिन गिलरॉय गेला," नुआलाने नणंदेला सांगितलं. "डोंगराजवळचा. बिनलग्नाचा."

"अरेरे."

"अरेरे कसलं? पुतणे आजच कुंपणाच्या तारा घेऊन निघाले असतील. त्या ओढ्याकाठच्या शेतावरून, मार्टिनवर माती पडायच्या आत त्यांची जुंपणार, लिहून ठेव."

फिलोमिनाने मान हलवली. तिचंही तेच मत होतं.

"आणि डेल्मा फॅरेली. शाळेतल्या बाई. फुलं आणू नका म्हणतायत."

"बरंच झालं. कोण आणणार होतं?" फिलोमिना म्हणाली.

"टॉमीला त्यांनी सात वर्षं पट्टीने मारलं. उजव्या हाताने लिहायच्या आणि डाव्या हाताने बदडायच्या. एक हात रिकामा म्हणून कधी राहिला नाही बाईंचा. अगं, थांब जरा." नुआलाने फोन कानाशी घट्ट धरला. तिचा आवाज खाली आला. "अट्रॅक्टा गेली. अट्रॅक्टा डर्कन. काल संध्याकाळी, घरीच."

अट्रॅक्टा ब्याण्णव वर्षांची होती, नुआलापासून चार घरं सोडून राहायची, आणि नगरसेवक मॅलकी हा तिचा एकुलता एक मुलगा. फिलोमिनाने छातीवर क्रूस काढला. नुआलाचे डोळे भरून आले, आणि तिचे डोळे भरून आले की राग दुप्पट व्हायचा.

"सुटली बिचारी," ती म्हणाली. "आता बघ, मॅलकी तिच्यावर वीस मिनिटं भाषण करेल. वीस वर्षांत तिच्यापाशी सलग वीस मिनिटं बसला नाही मेला. निवडणूक आली की फोटोपुरता आईला मिठी. दर गुरुवारी अट्रॅक्टा माझ्याबरोबर बसने बिंगोला यायची. या गाढवाने थांबा उचलला तो स्वतःच्या जन्मदात्रीच्या दारातून उचलला आणि नेऊन ठेवला बिअरच्या पिंपांपाशी. त्या दिवसापासून अट्रॅक्टा फाटकाबाहेर पडली नाही. खिडकीत बसून बस जाताना बघायची. आणि माझा टॉमी तिकडे दाराकडे बघत बसतो. दोघांनाही एकाच माणसाने बसवून ठेवलं. कुणीतरी त्याच्या तोंडावर हे सांगायला हवं."

सांगून झालं होतं. एकवीस हजार माणसांनी ऐकलं होतं, आणि त्यांत पबच्या काउंटरमागे उभा असलेला मॅलकी होता. फोनमध्ये किटली आदळल्याचा आवाज आला, मग खट्ट झालं आणि लाइन तुटली.

"बघ," नुआला नणंदेला म्हणाली. "परत कापला. आजही बसचं राहिलं."

काय झालं ते तिला पुढच्या दहा मिनिटांत कळलं. पोस्टवाला दारात येऊन हसत उभा राहिला. फादर डेव्हिट यांचा फोन आला. ते रागावले नव्हते, पण 'डावा हात' या मुद्द्यावर त्यांना आणखी माहिती हवी होती. नुआलाने रेडिओ परत लावला, तर कोल्म तिसऱ्यांदा माफी मागत होता आणि दर माफीत झाला प्रकार पुन्हा एकदा नीट समजावून सांगत होता, म्हणजे ज्यांचं ऐकायचं राहिलं असेल त्यांचीही सोय होत होती.

दुसऱ्या दिवशी 'गावगप्पा'चे दोन्ही तास नुआलावरच झाले. एक म्हणाला, बायकांना तोंड आवरत नाही. एक बाई म्हणाल्या, फॅरेली बाईंबद्दल ती बोलली ते कमीच बोलली, माझ्या भावाची करंगळी अजून वाकडी आहे. एका निवृत्त पोलिसाने मृतांविषयी कसं बोलावं यावर अर्धा तास खाल्ला. नुआला रेडिओसमोर उभी राहून धुमसत होती.

"बसचं बोला की रे," ती रेडिओला म्हणाली. "एकानेही बसचा 'ब' काढला नाही. दोन तास झाले, फिलोमिना. दोन तास."

"तू फोन कर."

"केला. एंगेज आहे. माझ्यावर बोलायला एवढी गर्दी झालीय की मलाच लाइन मिळत नाही."

मयतांना जाणं तर भागच होतं. एकाबद्दल बोलली असती तर एकाकडे तोंड दाखवून सुटली असती. तिघांबद्दल बोलून बसली होती, तेव्हा दोन दिवसांत तीन मयती आल्या. मार्टिन गिलरॉयचे दोन्ही पुतणे एकमेकांपासून चांगले दहा फूट अंतर राखून उभे होते. थोरल्याने तिचा हात हातात घेतला आणि हळूच विचारलं, "ओढ्याकाठच्या शेताचं तुम्हाला कुणी सांगितलं?" फॅरेली बाईंकडे शोकाला जमलेल्या साठीच्या पुरुषांनी नुआलाला बघताच रुमाल तोंडाला लावले, आणि खांदे हलत होते ते रडून नव्हे. दोन्हीकडे तिला हॅमची सँडविचं जास्तीची वाढली गेली, याचा तिला आणखीच राग आला.

अट्रॅक्टाच्या अंत्यदर्शनाला, पबजवळच्या शोकगृहात, ती अडीच मैल चालत गेली. फिलोमिनाची गाडी होती, पण नुआला म्हणाली, थांबा नाही तर नाही, मी चालत जाऊन दाखवते. कुणाला दाखवणार होती देव जाणे. वाटेत एक मेंढी तेवढी भेटली. शोकगृहाच्या बाहेरपर्यंत रांग होती, चांगली दोनशे माणसांची. नुआला आत शिरली तशा सगळ्या माना वळल्या.

शवपेटीत अट्रॅक्टा निळ्या कार्डिगनमध्ये होती, बिंगोला घालायची तेच. नुआला तिच्यापाशी नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबली. मग मॅलकीसमोर आली. मॅलकीने पुढाऱ्यासारखा तिचा हात दोन्ही हातांत धरला.

"फार वाईट झालं," नुआला म्हणाली. तिथे तेच म्हणतात, आणि तिला ते खरंच वाटत होतं.

"नुआला," तो ओठ न हलवता म्हणाला, "सगळ्या काउंटीने ऐकलं."

"ऐकावं म्हणूनच फोन केला होता. फक्त मी बसबद्दल बोलणार होते."

"कसली बस?"

नुआलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने हात सोडवून घेतला नाही. उलट घट्ट धरला.

"चार पत्रं, मॅलकी. चार. एक तर मी तुमच्या पबच्या पेटीत स्वतः टाकलं."

"लोक थांबलेत मागे. पुढे सरका आता."

"थांबू देत. मी पाच आठवडे थांबलेय. टॉमीने मला या पाच आठवड्यांत पाचदा पाहिलं. तुमच्या आईने तर बसची वाट बघणंसुद्धा सोडून दिलं होतं. माझ्याशी बोलू नका हवं तर. तिच्याकडे बघा आणि सांगा, सुरक्षितता कुणाची?"

रांग खोळंबली. मागे कुणीतरी 'काय म्हणाली?' असं विचारलं आणि पुढच्याने शब्दन् शब्द मागे पोचवला. मॅलकीने पेटीकडे पाहिलं. त्याचा चेहरा एकदम लहान मुलासारखा झाला, आणि क्षणभर नुआलालाही वाईट वाटलं. पण मॅलकी वीस वर्षं राजकारणात होता. त्याने दोनशे माणसांकडे पाहिलं, डोळे पुसले आणि आवाज चढवला.

"आईची शेवटची इच्छा हीच होती," तो म्हणाला. "थांबा परत चौकात येईल. माझा शब्द आहे."

नुआलाने तोंड उघडलं, पण लोकांनी तिला हाताला धरून सँडविचांकडे नेलं.

शुक्रवारी मॅलकी 'गावगप्पा'मध्ये आला. आवाज भरून आणून त्याने नुआलाला जाहीर माफ केलं. आईच्या स्मरणार्थ थांबा परत आणण्यासाठी आपण कशी रात्रंदिवस धडपड केली तेही सांगितलं. फोनवर फोन आले. केवढं मोठं मन, म्हणे. एका बाईंना रडू आवरेना. सोमवारी अकरा दहाच्या पहिल्या बसमधूनच कार्यक्रम करायचा असं ठरलं. नुआलाने फिलोमिनाला विचारलं, रेडिओ खिडकीतून फेकला तर तो फुटेल का. फिलोमिनाने तो उचलून आपल्या घरी नेऊन ठेवला.

सोमवारी नुआला पावणेअकरालाच चौकात उभी राहिली. चांगला कोट, टॉमीसाठी ब्राउन ब्रेड आणि लोण्याचा डबा. थांब्याच्या खांबावर नवी पाटी होती: अट्रॅक्टाचं नाव बारीक, मॅलकीचं ठळक. नुआलाने पाटीकडे पाठ केली.

बस आली. मॅलकी आपल्या पबसमोरच चढला होता, काळे चकचकीत बूट घालून. कोल्म माइक घेऊन, इमेल्डा यंत्र घेऊन, वर्तमानपत्राचा फोटोवाला, आणि बाकी सगळे नुआलाला पाठिंबा द्यायला खास आलेले श्रोते. दार उघडलं. चालक ब्रिजी मॅकहेल हिने मागे वळून सीटा मोजल्या.

"जागा नाही," ती म्हणाली. "सोळा म्हणजे सोळा."

"अहो, बस तिच्यासाठीच आणलीय," श्रोत्यांतलं कुणीतरी म्हणालं.

"मग तुम्ही उतरा."

कुणी उतरलं नाही. सगळेच तिला पाठिंबा द्यायला आले होते, उतरले तर पाठिंबा कसा देणार? नुआला पायरीवर एक पाय ठेवून उभी होती. तिच्या मानेवर लाल रंग चढत होता.

"पाच आठवडे," ती म्हणाली, फार मोठ्याने नाही. "टॉमीला निरोप दिलाय, आज येते म्हणून. त्याचा दाढीचा दिवस आहे. तो नर्सच्या हातून करून घेत नाही."

माइक चालू होता. कोल्मने ऐकलं, आणि या वेळी हेडफोन त्याच्या कानावरच होते. तो हळूच वळला. त्याला पोटापाण्यासाठी मॅलकीच्या पक्षाच्या जाहिराती लागायच्या, पण एकवीस हजार माणसं ऐकत असताना त्याचाही नाइलाज होता.

"नगरसेवक," तो म्हणाला, "तुम्हाला काय वाटतं?"

मॅलकीने इकडेतिकडे पाहिलं. सगळी बस त्याच्याकडे बघत होती. फोटोवाल्याने कॅमेरा वर केला.

"आईने हेच केलं असतं," मॅलकी म्हणाला आणि उतरला. उतरताना त्याने हसून हात हलवला. बाहेर बारीक पाऊस लागला होता. त्याची गाडी पबपाशी होती, छत्री गाडीत होती.

नुआला त्याच्या सीटवर बसली. सीट गरम होती, ते तिला आवडलं नाही. ब्रिजीने दार लावलं. कोल्मने माइक तिच्या तोंडाशी धरला. ज्या दोन मिनिटांसाठी तिने एकोणीस दिवस फोन केला होता ती दोन मिनिटं आता तिच्या पुढ्यात होती.

"नुआला कॉली आपल्यासोबत आहेत," तो म्हणाला. "नुआला, बोला."

"टॉमी," नुआला म्हणाली, "दाढीला हात लावू देऊ नकोस कुणाला. निघाले मी."

आणि ती रागाने डब्याचं झाकण दाबत राहिली. कोल्मने विचारलं, "आणि नगरसेवकांना काही सांगायचंय?"

नुआलाने मागच्या काचेतून पाहिलं. चौकात, खांबापाशी, काळ्या बुटातला एक माणूस कॉलर वर करून उभा होता.

"हो," ती म्हणाली. "पुढची बस दोन वाजता आहे म्हणावं."