खिसेबंदी

"आक्षेपार्ह वस्तू सापडली. पालकांनी समक्ष भेटावे," एवढाच मजकूर मुलीच्या डायरीत लाल शाईने लिहिलेला होता. खाली मुख्याध्यापकांची सही, सहीखाली शिक्का, आणि तो शिक्का नीट उमटला नाही म्हणून शेजारी आणखी एक शिक्का.

शिंप्याने मशीनच्या पायट्यावरून पाय काढला.

"कसली वस्तू गं?"

"बटण," मुलगी म्हणाली.

"कुणाचं?"

"आपलंच. कोटाचं. काळं, चार भोकांचं."

"नुसतं बटण?"

"दोरा होता त्यात."

"एकेरी?"

"दुहेरी. पीळ दिलेला."

"मग ठीक. एकेरी असता तर दोन दिवसांत तुटला असता."

"अहो," काज करत बसलेली बायको म्हणाली, "पोरीला शाळेने चोर ठरवलंय आणि तुम्ही दोऱ्याची चौकशी करताय!"

चोर वगैरे कुणी ठरवलं नव्हतं, पण बायकोला काज करताना दोन्ही बाजूंनी फासा आवळायची सवय होती.

ही चौथीतली मुलगी. घरात तिला बॉबिन म्हणत, कारण ती जागेवर बसली तरी फिरत असे. शिंप्याची एक पद्धत होती. कोट गिऱ्हाइकाला देताना आतल्या अस्तरात तो एक चोरखिसा ठेवी, आणि त्या चोरखिशात एक जादा बटण, दोरा ओवून, गाठ मारून. बटण तुटलं तर गिऱ्हाइकाला दारोदार फिरायला नको. बॉबिनने तिसऱ्या वर्षीच असं एक बटण हातात घेतलं, दोऱ्याचे दोन फासे दोन बोटांत अडकवले, चार गिरक्या दिल्या आणि ताणलं. गूंऽऽ असा आवाज करत बटण गरगरलं. झाली भिंगरी.

आता ही भिंगरी जप्त झाली याचं शिंप्याला एवढं वाटलं नसतं. बटणांचे डबे भरलेले होते. पण पंधरा दिवसांवर शाळेचा वार्षिक कार्यक्रम आला होता आणि पाहुण्यांच्या स्वागताचं भाषण बॉबिनला मिळालं होतं. अकरा मुलांतून तिची निवड झाली होती. कपडे लटकवायच्या लाकडी पुतळ्यासमोर उभं राहून तिने ते इतक्यांदा म्हटलं होतं की बायको दोऱ्याला गाठ मारतानाही "आजच्या या मंगल प्रसंगी" असं पुटपुटायची. शिंप्याने तर तीन गिऱ्हाइकांना माप घेताघेता ते भाषण ऐकवलं होतं. एकाला श्वास रोखून धरायला लावून.

दुसऱ्या दिवशी तो शाळेत गेला. मुख्याध्यापकांच्या टेबलावर जप्तीची वही उघडी होती आणि शेजारी माल: गोट्या, खडूची माणसं, कागदी बेडूक, काडेपेटीची गाडी, आणि अनुक्रमांक त्र्याण्णव, बटण. प्रत्येकाला चिठ्ठी बांधलेली.

"बसा, टेलर," मुख्याध्यापक म्हणाले. सगळा गाव शिंप्याला मास्तर म्हणे. पण सरांच्या मते मास्तर ही पदवी बी.एड. झालेल्याचीच होती. "या वर्षात त्र्याण्णव नग. गेल्या वर्षी चाळीस होते."

"म्हणजे खेळणी वाढली?"

"म्हणजे शिस्त वाढली!"

शिंप्याने आपल्या बटणाकडे पाहिलं. कडेचा कुठे टवका उडालेला नव्हता. चांगला माल.

"पण साहेब, हे तर बटण आहे. शर्टावर असतं तेव्हा?"

"तेव्हा तो गणवेश."

"आणि तुटून हातात आलं तर?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "तेव्हा ते खेळणं."

"मग मधल्या वेळात, म्हणजे लोंबत असताना?"

सरांनी मुद्दा सोडला आणि मूळ धरलं. "मला सांगा, खेळणी येतात कुठून? खिशातून! खिसाच नसेल तर? गणवेश तुम्हीच शिवता ना? तुम्हीच बंद करा. सगळे."

"सगळे खिसे?" शिंप्याचा आवाज चिरकला. सतरा वर्षं त्याने या शाळेचे गणवेश शिवले होते. मुलाची विजार गुडघ्यावर फाटली, शर्ट कोपरात विरला, पण खिशाला भोक पडलं अशी एकही तक्रार त्याच्याकडे आलेली नव्हती. "आणि आमच्या मुलीचं भाषण?"

"नाव खोडलंय. स्वागत मी स्वतःच करीन. मात्र खिसे बंद करून दिलेत आणि पंधरा दिवसांत एकही खेळणं सापडलं नाही, तर विचार करू."

तीनशे आठ मुलं. शर्टाचा एक खिसा, खाली दोन. नऊशे चोवीस. वर्गवार गठ्ठे आले आणि नवराबायकोने चार दिवसांत ते संपवले. शिंपी टीप मारी, बायको टोकं पक्की करी. नंतर नंतर तर ती हाताकडे बघतही नव्हती. समोर खिसा आला की बंद.

"सतरा वर्षं सांगत फिरलात, माझ्या खिशाला भोक पडत नाही म्हणून," ती म्हणाली. "आता तर पडायचंच नाही."

पहिल्या दिवशी शाळेत शांतता होती. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना सर्दी आठवली. रुमाल ठेवायला जागा नाही, तेव्हा नाकं बाह्यांना लागली. सरांनी रुमाल पिनेने छातीवर टाचायला सांगितलं. पिनांच्या तलवारी झाल्या, म्हणून पिना जप्त. मग प्रत्येक वर्गाला एक कापडी पिशवी आली. तीत वर्गातल्या सगळ्यांचे रुमाल, प्रत्येकावर हजेरी क्रमांक. बाई शिकवताना मध्येच थांबून "सतरा नंबर, शिंक आली का? ये, घेऊन जा," म्हणू लागल्या. सतरा नंबर येईपर्यंत शिंक होऊन गेलेली असे.

बसचे पास मुलांनी दोऱ्याने गळ्यात बांधले. पास दोऱ्याला बांधला की तो फिरतो, हे मुलांच्या लक्षात यायला एक तास लागला. शाळा सुटेपर्यंत एकसष्ट पास जप्त होते आणि एकसष्ट मुलं बसथांब्यावर उभी होती. शेवटी सर स्वतः पासांचा जुडगा घेऊन थांब्यावर गेले आणि नावं पुकारत बसले. दोन बस त्या नादात निघून गेल्या. एका कंडक्टरने त्यांना विचारलं, "काका, पास विकताय का?"

आणि एवढं करून खेळणी यायची थांबली नव्हती. रोज सकाळी फाटकापाशी शिपाई "हात वर!" म्हणून प्रत्येकाला चाचपून आत सोडी. त्यातून एकदा शिपायाच्याच खिशात जप्तीतला भोवरा मिळाला, तेव्हा त्याचाही खिसा बंद झाला. तरी मधल्या सुट्टीत कुठून तरी गूंऽऽ ऐकू येई. सर धावत जात, तर चाळीस मुलं हाताची घडी घालून उभी.

"टेलर, तुम्ही खिशांतले जाणकार," सरांनी शिंप्याला पुन्हा बोलावून विचारलं. "खरं सांगा. हे ठेवतात कुठे?"

शिंप्याला ठाऊक होतं. कोटाला ठेवायचा तसाच चोरखिसा तो शाळेच्या प्रत्येक विजारीला आणि प्रत्येक स्कर्टला ठेवत आला होता. कमरेच्या पट्टीच्या आत, दोन बोटं रुंद. किल्ली पडू नये, नाणं हरवू नये म्हणून. सतरा वर्षांत एकाही मोठ्या माणसाला तो सापडलेला नव्हता आणि एकाही लहान मुलाला सांगावा लागला नव्हता. सांगितलं, तर पोरीचं भाषण परत मिळणार होतं. पण बाहेरचे नऊशे चोवीस गेलेच होते. हेही गेले असते तर सतरा वर्षांत शिवलं ते काय, असा प्रश्न पडला असता.

"साहेब," तो म्हणाला, "तुम्ही सांगितलेत ते सगळे बंद केले. मोजून."

यात एक अक्षरही खोटं नव्हतं.

घरी बॉबिन दारातच उभी. "सांगितलंत?"

"नाही."

"बरं केलंत."

"अगं, पण तुझं भाषण?"

"भाषण माझ्या एकटीचं आहे, बाबा," ती म्हणाली. "खिसा सगळ्यांचा आहे."

शिंपी बराच वेळ सुईत दोरा ओवत राहिला. त्याला दोरा ओवायला वेळ लागतो असं कधी घडलं नव्हतं.

कार्यक्रमाच्या सकाळी त्याने सरांचा नवा कोट पोचवला. कोट सरांनी महिन्यापूर्वीच शिवायला टाकला होता. राखाडी, तीन बटणी, खांद्याला एक सुरकुती नाही. सरांनी तो व्यासपीठावर चढायच्या पाच मिनिटं आधी घातला, आरशात पाहिलं, खूश झाले, आणि वाचायचा चष्मा काढून खिशात टाकायला गेले. हात घसरून खाली आला. दुसऱ्या खिशाकडे नेला. तिथेही तेच. छातीचा खिसा दिसत होता, उघडत नव्हता. तिन्ही खिसे पक्क्या टिपेने बंद होते.

ओरडायची सोय नव्हती. भिंतीवर "शाळेच्या आवारात कोणत्याही वस्त्राला उघडा खिसा असणार नाही" हा हुकूम त्यांच्याच सहीने लावलेला होता, दोन शिक्क्यांसह.

पाहुणे आले. हात मिळवायला हात मोकळा हवा, म्हणून सरांनी चष्मा शिपायाकडे दिला. शिपायाचाही खिसा बंद. त्याने चष्मा समोर दिसली त्या रुमालांच्या पिशवीत ठेवला. पिशवी चौथीची होती, ती चौथीच्या बाई घेऊन गेल्या.

आणि सर ध्वनिक्षेपकासमोर उभे राहिले.

"आदरणीय..." ते म्हणाले आणि थांबले. कागद डोळ्यांजवळ आणला. लांब नेला. आणखी लांब नेला. हात संपला, पण अक्षरं काही लागेनात. त्यांनी सवयीने छाती चाचपली. डाव्या बाजूला अस्तराखाली काहीतरी टणक लागलं. चष्माच असावा, अशा आशेने त्यांनी दोन बोटं आत घातली. ती दोन बोटंच मावली.

बाहेर आलं ते बटण. काळं, चार भोकांचं, दुहेरी दोरा ओवलेलं.

तीनशे आठ मुलांनी एकदम श्वास घेतला. शेवटच्या रांगेत बायकोने शिंप्याचा सदरा ओढला.

"खाली बसा! उभे कशाला राहिलात?"

"मी कुठे उभा आहे?" शिंपी म्हणाला. तो उभा होता. आता आपली शाळा सुटली, गणवेश सुटले, हे त्याला कळत होतं. पण चोरखिशातून वस्तू निघाली तेव्हा अस्तराला एक चुणीसुद्धा पडली नव्हती, हेही त्याने तीस फुटांवरून पाहिलं होतं आणि त्याची छाती ऐकत नव्हती.

तेवढ्यात पिशवीतला चष्मा घेऊन बॉबिन पायऱ्या चढून वर आली. सरांच्या एका हातात कागद, दुसऱ्यात बटण. चष्मा घ्यायला तिसरा हात नव्हता.

"सर, मी बोलू?" तिने हळूच विचारलं. ध्वनिक्षेपकाने ते सगळ्यांना ऐकवलं. "माझं पाठ आहे."

"पाठ आहे?" सरांचा आवाज बारीक झाला होता.

"चुकत नाही, सर. पुतळ्याला विचारा."

सर बाजूला झाले. बॉबिन बोलली. कागद नाही, अडखळणं नाही, हात दोन्ही बाजूंना सरळ. पाहुण्यांच्या पाचही पदव्या ओळीने आल्या. शिंप्याचे ओठ शब्दाशब्दाला हलत होते, बायकोचेही, आणि त्या दिवशी हजर असलेल्या त्या तीन गिऱ्हाइकांचेही. मागे उभ्या सरांना मात्र हातातल्या बटणाचं काय करावं सुचेना. टेबलावर पाहुण्यांची फुलं, मुठीत धरावं तर टाळ्या कशा वाजवणार? शेवटी त्यांनी ते जिथून काढलं तिथेच ठेवून दिलं. तीनशे आठ मुलांनी ते पाहिलं आणि मग टाळ्या सुरू झाल्या. त्या भाषणाला किती आणि खिशाला किती, याची वाटणी कुणी केली नाही.

"कोटाचे खिसे तू बंद केलेस?" घरी आल्यावर शिंप्याने विचारलं.

"चूक झाली हो. हाताला सवय लागली होती." बायकोने न बघता सुईत दोरा ओवला. पहिल्याच खेपेला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा डायरी, पुन्हा लाल शाई. शिंपी गेला. सरांनी शिपायाला बाहेर पाठवून दार लावून घेतलं.

"खिसे उघडा. सगळे. तीनशे आठ."

"नऊशे चोवीस, साहेब. तीनशे आठ ही मुलं झाली."

"बरं. आणि माझ्या कोटाचे."

"तीन. नऊशे सत्तावीस. शिपायाचा एक, अठ्ठावीस." शिंप्याला विचारल्यावाचून राहवेना. "आणि साहेब, तो आतला..."

"कुठला आतला?"

"तो... सगळ्यांना असतो तो."

"मला आतल्या खिशाची काही माहिती नाही," सर म्हणाले आणि त्यांनी जप्तीची वही मिटली.

शिंपी उठला. दारापर्यंत पोचला, तेव्हा मागून हाक आली. सतरा वर्षांत प्रथमच त्या खोलीत ही हाक त्याला उद्देशून आली होती.

"मास्तर!"

"जी?"

सरांनी खिडकीबाहेर पाहिलं. मग दाराकडे. मग आवाज खाली आणला.

"अर्धा इंच खोल हवा होता. दोरा अडकतो."

शिंप्याने गळ्यातली टेप काढली.

"हात वर, सर," तो म्हणाला.

सरांनी केले.