फेब्रुवारीतला डेनिस

मयताच्या घरी गेल्यावर काय बोलावं, हे कोलमन क्रोनिनला सत्तर वर्षं नीट ठाऊक होतं. टोपी काढायची, घरच्या बाईचा हात हातात घ्यायचा, "फार वाईट झालं" म्हणायचं, चहा प्यायचा आणि घरी यायचं. पण तालुक्याच्या वाचनालयात चर्चचं जुनं बाप्तिस्म्याचं दप्तर संगणकाच्या पडद्यावर बघायला मिळतं, हे कुणीतरी त्याच्या कानात घातलं आणि तेव्हापासून त्याची अक्कल गहाण पडली. मोसी हीली शवपेटीत पडलाय, त्याची बायको टेस डोळे पुसतेय, रांगेत अर्धं नॉकरोर गाव उभं आहे, आणि हा बाबा तिचा हात धरून विचारतो, "टेस, तुझ्या आजीचं माहेरचं आडनाव काय गं?"

त्याच्या मागेच त्याची वहिनी नोनी उभी होती. मोसीला जरा पलीकडे सरकवावं आणि त्याच्या शेजारी आपणही आडवं व्हावं, असं तिला वाटलं.

"रडता रडता सांगितलं की नाही तिनं?" घरी येताना कोलमन म्हणाला. "माणसाचं मन हलकं होतं अशानं."

"तुझं डोकं हलकं झालंय, तेवढं पुरे आहे."

नोनीचं वय अठ्ठ्याहत्तर. बाराव्या वर्षी शाळा सुटली ती गाईंचं दूध काढायला, पण गावात तिच्यापुढे कुणी दोन वाक्यं सलग बोलू शकत नसे. नवरा जेरी जाऊन सहा वर्षं झाली होती. कोलमन हा त्याचा धाकटा भाऊ, बिनलग्नाचा. अंगणापलीकडच्या खोलीत झोपायचा आणि तिन्ही त्रिकाळ नोनीच्या टेबलावर जेवायचा. बटाटा सोलता सोलता तो मेलेल्यांची नावं सांगायचा आणि नोनी त्याला जिवंत माणसांची कामं सांगायची.

अशात चर्चच्या पत्त्यावर अमेरिकेहून पत्र आलं. ओहायोत वॉल्टर क्रोनिन नावाचे निवृत्त दंतवैद्य होते. त्यांचा पणजोबा डेनिस क्रोनिन, जन्म १८६१, बापाचं नाव टिमथी, आईचं योहाना, नॉकरोरहून तरुणपणीच अमेरिकेला गेलेला. त्याच्या आईवडिलांची कबर सापडली तर वॉल्टर तिच्यावर छानसा दगड बसवणार होते. फादर टूमींनी पत्र कोलमनच्या हातात दिलं.

आता नॉकरोरमध्ये क्रोनिन म्हणजे गवताइतके. पहिल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव, दुसऱ्याला आईच्या बापाचं, ही रीत कुणी मोडायची नाही. म्हणून पिढ्यान् पिढ्या तेच टिमथी, तेच डेनिस, त्याच योहाना. गोंधळ होऊ नये म्हणून घराण्यांना टोपणनावं होती. नोनीचं सासर म्हणजे घोडे क्रोनिन. कारण उघड आहे, पूर्वी घोड्यांचा व्यापार होता. टेकडीपलीकडचे ते कोंबडे क्रोनिन. त्यांच्यातल्या कुणीतरी एका ईस्टरला फादरांचा कोंबडा पळवला होता. गोष्ट दीडशे वर्षांची, पण नोनीच्या तोंडून ऐकली तर पिसं अजून उडतायत असं वाटायचं.

कोलमन सकाळी वाचनालयात गेला आणि दुपारच्या जेवणाला हसत परत आला.

"सापडला! फेब्रुवारी १८६१. डेनिस, बाप टिमथी, आई योहाना, घर आपलंच. वहिनी, अमेरिकेतला माणूस आपला निघाला. घोडा!"

"नक्की?"

"दप्तर आहे ते. दप्तर कधी चुकतं का?"

त्या क्षणापासून नोनीचं वंशावळीबद्दलचं मत बदललं. त्यालाही कारण होतं. घोडे क्रोनिनांच्या कबरीवर नाव कोरलेला दगड कधीच नव्हता. शेतातून उचलून आणलेला एक ओबडधोबड धोंडा डोक्याशी उभा होता, बस. जेरी त्याच्याखाली निजला होता आणि त्याच्या शेजारी नोनीची जागा होती. उन्हाळ्यात कबरींचा रविवार येई, सगळा गाव आपापल्या कबरीपाशी फुलं घेऊन उभा राही, फादर एकेका कबरीवर पवित्र पाणी शिंपडत जात. कोंबडे क्रोनिनांच्या फिलोमिनानं दोन वर्षांपूर्वी काळाभोर चकचकीत दगड बसवला होता. तेव्हापासून नोनी दर वर्षी धोंड्यापाशी मान ताठ ठेवून उभी राहायची, आणि घरी येऊन मान चोळत बसायची. आपण डोळे मिटायच्या आत जेरीचं नाव दगडावर बघायचं, एवढीच तिची इच्छा उरली होती. ती तिनं कुणाला सांगितली नव्हती. सांगितली असती तर फिलोमिनाला कळली असती.

"कोलमन," ती म्हणाली, "आणखी एक बटाटा घे. आणि त्या दंतवैद्याला लिही, वरच्या अर्ध्या दगडावर त्याची माणसं. खालचा अर्धा कोरा ठेव म्हणावं. तिथं जेरी, आणि मग मी."

वॉल्टरना काहीच हरकत नव्हती. करड्या ग्रॅनाइटचा दगड कबरींच्या रविवारच्या आठ दिवस आधी उभा राहिला. 'टिमथी क्रोनिन, पत्नी योहाना आणि त्यांचा मुलगा डेनिस, जन्म १८६१, यांच्या स्मरणार्थ.' नोनीनं बोट फिरवत एकेक अक्षर वाचलं. तेवढ्यात वाटेवरून फिलोमिना आली, थांबली, दगड खालपासून वरपर्यंत न्याहाळला आणि गोड हसली.

"सुरेख आहे गं, नोनी. तुला शोभतो अगदी."

चाळीस वर्षांत फिलोमिनानं नोनीच्या केकलासुद्धा बरं म्हटलं नव्हतं.

शनिवारी दुपारी नोनी उद्याच्या सँडविचसाठी हॅम कापत बसली होती. वॉल्टर आपल्या कुटुंबासकट येणार होते, एकूण अकरा जण. तेवढ्यात कोलमन आत आला. टोपी काढायची विसरला आणि खुर्चीवर न बसता पिठाच्या डब्यावर बसला.

"वहिनी, मी परत गेलो होतो. म्हटलं, त्या नोंदीची नक्कल चौकटीत घालून वॉल्टरना द्यावी."

"मग?"

"नक्कल घेऊन झाली आणि मी सहज पुढची पानं बघितली. दोन वर्षांनी, १८६३. तोच बाप, तीच आई, तेच घर. आणि पुन्हा डेनिस."

नोनीच्या हातातली सुरी थांबली. एकाच घरात दोन डेनिस म्हणजे काय, हे सांगायला तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. पहिलं मूल गेलं, म्हणून नाव दुसऱ्याला दिलं.

"म्हणजे फेब्रुवारीतला..."

"दोन वर्षांच्या आतच गेला. तो अमेरिकेला कुठून जाणार?"

"मग दुसरा गेला असेल."

"दुसऱ्याच्या नावापुढे समासात टीप आहे. लग्न, १९०९, हनोरा लूसीशी." कोलमननं आता कुठं टोपी काढली. "हनोरा लूसी म्हणजे आमची आजी. वहिनी, तो डेनिस म्हणजे आमचे सनी आजोबा!"

"तुझ्या आजोबांचं नाव डेनिस होतं?"

"सगळे सनी म्हणायचे. आई सनी म्हणायची, फादर सनी म्हणायचे. शेवटच्या प्रार्थनेतसुद्धा सनीच म्हटलं असणार."

नोनीनं सुरी खाली ठेवली. "गावातल्या यच्चयावत बायकांच्या आज्यांची माहेरं तुला पाठ. मयताच्या घरी आमची अब्रू घालवून गोळा केलीस. आणि स्वतःच्या आजोबाचं नाव ठाऊक नाही?"

"घरचं काय शोधायचं, असं वाटलं."

"आणि अमेरिकेतला मग कोण?"

कोलमन डब्यावर आणखी लहान झाला. "नोव्हेंबर १८६१. डेनिस, टिमथी आणि योहाना. टेकडीपलीकडचं घर. मला फेब्रुवारीतच मिळाला ना, म्हणून मी नोव्हेंबरपर्यंत गेलोच नव्हतो."

फिलोमिनाच्या गोड हसण्याचा अर्थ नोनीला अर्धा तरी उमगला. ती उठली, दार लावून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाली, "उद्या तू तोंड उघडायचं नाहीस."

"पण दप्तर खोटं बोलत नाही, वहिनी."

"दप्तर बोलतच नाही. तू बोलतोस, तोच तर त्रास आहे. उद्या त्या माणसांना सँडविच दे, चहा दे, नि घसा बसलाय म्हणून सांग."

रविवारी ऊन लख्ख पडलं. वॉल्टर उंच, पांढऱ्या केसांचे, दात मात्र विशीतले. त्यांच्या लेकी, जावई, नातवंडं करड्या दगडाभोवती दाटीनं उभी राहिली. नोनी आपल्या चांगल्या निळ्या कोटात, मान ताठ, आणि आज ती मुद्दाम ताठ ठेवावी लागत नव्हती. कोलमननं गळ्याला मफलर गुंडाळला होता. फादर टूमी पाणी शिंपडून पुढच्या कबरीकडे वळले, तशी फिलोमिना आपली कबर सोडून सरळ चालत आली.

"अभिनंदन हं, नोनी. वॉल्टरसाहेबांचं पत्र फादरांनी आधी मला दाखवलं होतं. मी म्हटलं, नको बाई, आमचा नाही तो." तिनं आवाज चढवला, चार कबरींपलीकडे ऐकू जाईल इतका. "फादरांचा फादरांचा कोंबडा पळवून अमेरिकेला पळाला तोच हा डेनिस. दीडशे वर्षं आम्ही त्याचं नाव वागवलं. आता तुम्ही दगडावर कोरून घेतलंत, बरं झालं. आजपासून कोंबडे तुम्ही!"

आजूबाजूच्या कबरींवर हशा पिकला. नोनीला घाम फुटला, पण तो कोटाच्या आत फुटला.

"कोंबडा?" वॉल्टर पुढे झाले. "खराखुरा कोंबडा चोरला त्यानं? फादरचा?"

"ईस्टरच्या आदल्या दिवशी," फिलोमिना म्हणाली.

"आणि आम्हाला आयुष्यभर सांगितलं की तो धर्मोपदेशक व्हायला निघाला होता!" वॉल्टर गुडघ्यावर हात मारून हसायला लागले. लेकी हसल्या, नातवंडांनी कोंबड्यासारखं आरवायला सुरुवात केली, कुणीतरी फोटो काढला. लोक आपापल्या कबरी सोडून बघायला आले. बघता बघता अर्धा गाव घोडे क्रोनिनांच्या दगडाभोवती जमला आणि फिलोमिनाचा काळाभोर दगड एकटाच उन्हात चमकत राहिला. ते तिच्या लक्षात आलं मात्र, तिचा चेहरा पालटला.

"वॉल्टरसाहेब, खरं सांगायचं तर तुम्ही आमचे आहात. माझ्या आजोबांचा सख्खा भाऊ तो. हा दगडही आमच्या कबरीवर असायला हवा. उद्या माणसं बोलावून हलवून घेऊ."

"पण तुम्ही तर नाही म्हणाला होतात."

"तेव्हा मला पूर्ण आठवलं नव्हतं."

वॉल्टर कोलमनकडे वळले. "तुम्ही दप्तर वाचलंय. मी कोणाचा?"

नोनीनं दिराकडे पाहिलं. तिच्या नजरेत आजचं रात्रीचं जेवण होतं, उद्याचं होतं, आणि यापुढची सगळी होती. कोलमननं मफलर सोडला.

"तुम्ही त्यांचे. तुमचा डेनिस नोव्हेंबरातला. मी फेब्रुवारीतला धरला, चूक माझी आहे. आमचा डेनिस दोन वर्षंही जगला नाही."

फिलोमिनानं विजयानं हनुवटी वर केली. "बघा! मग हलवायचा ना?"

नोनीनं हॅमच्या सँडविचचं ताट कोलमनच्या हातात कोंबलं आणि दगडापुढे जाऊन उभी राहिली.

"फिलोमिना, तू शाळेत जास्त शिकलीस. वाच काय लिहिलंय."

"टिमथी क्रोनिन," फिलोमिना नाइलाजानं वाचू लागली, "पत्नी योहाना, मुलगा डेनिस, जन्म १८६१."

"यातलं कुठलं अक्षर खोटं आहे? टिमथी इथंच आहे. योहाना इथंच आहे. आणि दोन वर्षांचंही न झालेलं त्यांचं पोर दुसरीकडे कुठं पुरलं असणार? तुझ्या डेनिसची गोष्ट गावानं दीडशे वर्षं सांगितली, कोंबड्यासकट. या पोराचं नाव कुणी एकदाही घेतलं नाही. आई-बापानंसुद्धा काढून दुसऱ्याला दिलं. मलाच कालपर्यंत माहीत नव्हतं की तो होता." ती वॉल्टरकडे वळली. "दगड तुमचा आहे. न्यायचा तर न्या. पण इथून हलवलात तर त्या पोराचं नाव पुसून न्याल, एवढं लक्षात ठेवा."

वॉल्टरनी वाकून 'डेनिस'वर हात ठेवला.

"आमच्या डेनिसला ओहायोत मोठा दगड आहे," ते म्हणाले. "हा इथंच राहू दे."

"अगदी बरोबर," नोनी म्हणाली. "आणि फिलोमिना, रक्ताची माणसं आहेत ती तुझी. अकरा जण. सकाळपासून धड काही खाल्लेलं नाही. दुपारचं जेवण तुझ्याकडेच होईल ना आता?"

फिलोमिनाच्या घरी त्या वेळी, अख्ख्या गावाला ठाऊक होतं, अर्धा पाव आणि एक उकडलेलं अंडं एवढंच होतं. ती अकरा माणसं घेऊन टेकडीकडे चालू लागली. सगळ्यात धाकटा नातू शेवटपर्यंत आरवत होता.

गर्दी पांगली. कोलमन ताट घेऊन तसाच उभा होता. नोनीनं त्यातलं एक सँडविच उचललं, सावकाश खाल्लं, रुमालानं तोंड पुसलं आणि त्याच्याकडे वळली.

"कोलमन, गावादेखत माझा घात करायला निघाला होतास, आणि तोसुद्धा तुला धड करता आला नाही. असल्या नालायक माणसाला दुसरं कोण आपल्या कबरीत घेईल? खालच्या अर्ध्या भागाचं माप घे. जेरी, मग मी, आणि अगदी तळाला, बारीक अक्षरात, तू."