मोडल्या चौकटीच्या तसबिरीची हकीकत

श्रीगजमुखास नमन करून, थोरांचे पायीं माथा ठेवून, ऐकिलें तैसें लिहितों. उणें अधिक पोटांत घालावें. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सरीं, आश्विनमासीं वर्तलें तें ऐसें जे, पडद्यावर नांदणारें एक राज्य होतें, बोट लावितां उघडावें आणि बोट लावितां मिटावें. त्यांत रावळोपंत चौकटनीस, स्वभावें भिडस्त, तसबिरींच्या चौकटी मांडीत आणि मोडीत. राज्याची चाल ऐशी कीं, चौकटीचा हुकूम होतांच दूरच्या सर्व्हरगडाहून तसबीर आणावयास स्वार सुटावा, आणि स्वार वेशींत येतां नगारा वाजावा, आणि नगारा ऐकोन सर्वांनीं उठोन मुजरा करावा. त्या दिवशीं महाराजांनीं धाकटे बंधु सुभानजीराजे यांची चौकट मांडविली आणि स्वार सुटला. मग भावाभावांत शब्दास शब्द लागला, आणि महाराज कोपले, आणि सुभानजीराजांस हद्दपार केलें, आणि गर्जले, "त्याची चौकट मोडा!" रावळोपंतांनीं मोडली. वाटेवरच्या स्वाराचें काय, ऐसें त्यांचे मनांत आलें, परंतु तोंड उघडेना.

मग दरबार भरला असतां नगारा कडाडला, आणि अवघे उठले, आणि मुजरे झडले. स्वारानें तसबिरीवरील वस्त्र काढिलें, तों सुभानजीराजे! खंडो मल्हार फडणीस बोलले, "वाहवा पंत! भिंत कोरी आणि मुजरा हद्दपारास! कितीला विकले गेलां?" रावळोपंतांचे मनांत आलें, चाकरी जाईल ती जावो, परंतु बेइमान म्हणवून घरीं कोणतें तोंड न्यावें?

महाराज म्हणाले, "बोला पंत. चौकट नाहीं, मग नगारा कां वाजला?"

"महाराज, नगारा चौकटीस बांधला नाहीं, तसबिरीच्या येण्यास बांधला आहे. चौकट मोडली तेव्हां स्वार वाटेंत होता. त्यास फिरवा ऐसा हुकूम नव्हता."

"मग पुसावें कीं नाहीं?"

"धीर जाहला नाहीं."

खंडोपंत हांसले, "सोंग छान वठविलें! आणि आम्हां सर्वांस उठविलें तें?"

रावळोपंत खालीं पाहून हळूच म्हणाले, "महाराजही उठले आहेत."

महाराज पाहतात तों आपण गादीपुढें उभे, आणि हात कपाळीं गेलेला तैसाच. बराच वेळ त्यांनीं तो हात खालीं घेतला नाहीं. मग म्हणाले, "चौकट मोडविली, पण आमच्या पायांस कोणीं कळविलें नाहीं. पंत, तुमचें इमान साफ आहे. पुढें चौकट मोडणें तर आधीं नगाऱ्यास मना करीत जा, आणि मनांत येईल तें पुसत जा."

रावळोपंतांनीं तेथेंच पुसलें, "महाराज, आज नगाऱ्यास मना करूं?"

"नको. सुभानजीमागें स्वार सोडा."

"आणि चौकट?"

"ती मागाहून लावूं. आधीं येऊं तर द्या."

येणेंप्रमाणें चौकटीची हकीकत जाहली. भिंत कोरी राहिली, नगारा बांधलेला राहिला, आणि रावळोपंत वेशीकडे कान देऊन बसले.