एका किड्याची झुंड

दातांच्या डॉक्टरांकडे खेळण्यातले दोनशे बारा किडे होते. बोटाच्या पेराएवढ्या त्या परग्रहवासीयांचे जबडे त्यांनी दाढा कोरायच्या हत्यारांनी साफ केले होते, आणि चारशे चोवीस डोळ्यांत त्यांच्या बायकोने एकेक पिवळा ठिपका दिला होता. या उद्योगात तीन वर्षं गेली. दर रविवारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत त्यांच्या खेळ-मंडळाचे सभासद टेबलावर अशी छोटी सैन्यं मांडून, फासे टाकून लढाया खेळत. किड्यांची झुंड मात्र एकट्या डॉक्टरांकडे होती. इतके किडे रंगवायचा बाकीच्यांना कंटाळा होता आणि त्या कंटाळ्याला ते अभिरुची म्हणत.

बारा डावांपैकी डॉक्टरांनी नऊ जिंकले आणि मंडळाच्या पोटात दुखू लागलं. दाराजवळच्या खोक्यात तक्रारीचे फॉर्म असत, त्यांतले नऊ एका आठवड्यात भरून आले. मजकूर जवळपास एकच होता: ‘मी हरलो, यावरून नियमांत असंतुलन असल्याचे सिद्ध होते.’

ताबडतोब संतुलन समिती नेमण्यात आली. अध्यक्ष पेशाने लिफ्ट-निरीक्षक होते आणि कुठल्याही गोष्टीत किती जण मावतात, याचा त्यांना दांडगा अनुभव होता.

“डॉक्टर, तुमच्याबद्दल व्यक्तिशः काही नाही हं,” ते म्हणाले. “पण झुंड पंचाहत्तर टक्के डाव जिंकते. पन्नास हवेत.”

“अहो, पण झुंड मी एकटाच खेळतो!”

“मग तर उत्तमच. आकडेवारीत भेसळ नाही.”

प्रत्येक किडा पाचऐवजी दहा गुणांचा ठरला, त्यामुळे प्रत्येक सैन्याला नेमून दिलेल्या गुणांत निम्मेच किडे बसू लागले. डॉक्टरांनी दुपारची झोप सोडून डावपेच नव्याने आखले आणि पुढच्या आठपैकी पाच डाव जिंकले. साहजिकच समितीने प्रत्येक किड्याची हालचाल आधी लेखी कळवण्याची अट घातली. त्यात डाव इतके लांबले की एकही निकाली निघेना आणि समोरचे जांभया देऊ लागले. जांभयांविषयी फॉर्म आले, म्हणून झुंडीला प्रत्येक खेळीला चार मिनिटांची मर्यादा आली. चार मिनिटांत लिहून-वाचून एकच किडा हलायचा. बाकीचे उगाच जागा अडवतात, हे अध्यक्षांच्या अनुभवी नजरेतून सुटलं नाही. त्यांनी भिंतीवर पाटी लावली: ‘झुंड. क्षमता: एक किडा.’

“एका किड्याला झुंड म्हणतात होय?” बायकोने विचारलं.

“नियमांच्या परिशिष्टात तशी व्याख्या आहे,” डॉक्टर खाली मान घालून म्हणाले.

“मग मी एकटी बसले की घरात सभा भरली म्हणायची!”

तो एक किडा सलग आठ डाव हरला. आठव्या पराभवानंतर अध्यक्ष उठून उभे राहिले.

“अठ्ठावीस डाव, चौदा विजय. बरोब्बर पन्नास टक्के! मंडळाच्या इतिहासातलं हे पहिलं पूर्णपणे संतुलित सैन्य.”

टाळ्या पडल्या. डॉक्टरांना हायसं वाटलं. “म्हणजे पुढच्या रविवारी मी सगळे किडे आणू?”

“छे छे, भलतंच काय! आता एक डाव जरी खेळलात तरी टक्केवारी बिघडेल.”

दोनशे बारा किडे ‘संतुलनाचा आदर्श’ म्हणून काचेच्या कपाटात गेले आणि किल्ली अध्यक्षांच्या खिशात. पिवळ्या ठिपक्यांचे ते डोळे काचेआड पाहून डॉक्टरांना अक्षरशः रडू आलं. बायकोने नुसता त्यांचा हात धरला.

पुढच्या रविवारी मंडळाने त्यांना उसनं पोलादी सैन्य दिलं. ग्रंथपालबाईंनी आपल्या पक्ष्यांच्या फौजेने पाऊण तासात त्याचा धुव्वा उडवला. बाई सरळसरळ चांगलं खेळल्या होत्या आणि ते डॉक्टरांना कळत होतं. तरी जाताना ते दाराजवळच्या खोक्यापाशी थांबले.

“अहो, काय लिहिताय?” त्यांना न्यायला आलेल्या बायकोने विचारलं.

“काही नाही. पक्षी जरा जास्तच उडतात,” डॉक्टर म्हणाले आणि सुवाच्य अक्षरात लिहू लागले, ‘मी हरलो, यावरून...’

इथवर वाचून ज्यांना डॉक्टरांचं हसू आलं, त्यांच्या सोयीसाठी: फॉर्म त्याच खोक्यात आहेत. पेन दोरीला बांधलेलं आहे. तुम्हाला ज्याने हरवलं त्याचं नाव वरच्या रकान्यात लिहायचं. तो का जिंकला, यासाठी फॉर्ममध्ये रकाना नाही. तसा तो आजवर कुणी मागितलेलाही नाही.