आबा सकपाळांची पार्टी

आबा सकपाळ महाडच्या कोर्टात जाऊन बसायचे. खटला त्यांचा नसायचा, ओळखीतल्या कुणाचाही नसायचा. कापडे गावाच्या वर डोंगरावर त्यांची वाडी. बाजाराला महाडात यायचे आणि परतीच्या एसटीला वेळ असला की सरळ कोर्टात शिरून मागच्या बाकावर टेकायचे. दहा मिनिटं दोन्ही वकिलांचं ऐकायचे आणि मग एक बाजू धरायचे. एकदा धरली की धरली! आपल्या वकिलानं जरा बरा मुद्दा काढला की मागून आवाज यायचा, "वा रे वाघा!" शिपायानं दोनदा बाहेर काढलं. तिसऱ्यांदा खुद्द न्यायाधीशांनी विचारलं, "तुम्ही कोण? यांचे नातेवाईक?" आबा हात जोडून उभे राहिले आणि म्हणाले, "नाय साहेब. मी ह्यांची पार्टी."

हे मला आबांनीच सांगितलं, तेही छाती फुगवून.

त्याचं मूळ जाखडीत होतं. आमच्याकडे जाखडीचा नाच म्हणजे सामना असतो. एका बाजूला शक्तीवाले, दुसऱ्या बाजूला तुरेवाले. एक शाहीर सवाल टाकणार, दुसऱ्यानं गाण्यातच जवाब द्यायचा. जवाब नसेल तर गुमान खाली बसायचं. आबांची वाडी शक्तीची. तरुणपणी ते स्वतः नाचायचे, पुढे गुडघ्याऐवजी गळ्यावर भागवू लागले. पण डोक्यात पक्कं बसलं ते असं, की जगात कुठेही दोन माणसं समोरासमोर उभी राहिली की सामना सुरू झाला आणि आपल्याला कुणाची तरी पार्टी व्हायला हवं. भाजीवालीशी घासाघीस करणाऱ्या बाया असोत, नाहीतर जागेवरून भांडणारे प्रवासी. माझं दूधवाल्याशी भांडण झालं तेव्हा आबा नेमके माझ्या ओट्यावर बसले होते. माझ्या ओट्यावर बसून, माझा चहा पीत त्यांनी दूधवाल्याची बाजू घेतली! का, तर म्हणे पहिला तो बोलला.

मी तेव्हा, नव्वदच्या दशकाच्या शेवटी, महाडला सरकारी कचेरीत कारकून होतो. एसटी स्टँडजवळ भाड्याची खोली होती, आणि कोर्ट बंद असलं की आबा माझ्या ओट्यावर येऊन टेकायचे. नाटकाचं वेड होतं, आणि वेडाच्या भरात मी एक एकांकिका लिहून बसलो. नाव सांगत नाही, आता लाज वाटते. गोष्ट अशी: मुंबईत एका खोलीत दोन पुरुष राहतात. नुसते राहत नाहीत, त्यांचा जीव आहे एकमेकांवर. घरमालक खोली सोडायला सांगतो, एकाच्या घरून लग्नाचा तगादा लागतो, आणि शेवटी तो ट्रंक उचलून निघून जातो. लिहिताना मी मोठा शूर होतो. फलकावर विषय लिहायची वेळ आली तेव्हा मात्र 'मैत्रीची हृदयस्पर्शी कथा' असं लिहून मोकळा झालो.

नट दोघंच. औषधाच्या दुकानात काउंटरला असलेला विनय आणि हायवेवर गॅरेज चालवणारा राजा. ट्रंक घेऊन जाणारा राजा, मागे राहणारा विनय. तालीम माझ्याच खोलीत, रविवारी दुपारी. आबा खिडकीत हनुवटी टेकून बघायचे. आता यांना काय सांगायचं या विचाराने मलाच घाम फुटला. शेवटी एकदा मी धीर केला.

"आबा, हे दोघं मित्र आहेत. म्हणजे... मित्र नाहीत. मित्रच आहेत, पण..."

"कळला रे भाऊ," आबा म्हणाले. "नवरा-बायकोवानी ऱ्हातात. त्ये सोड. तो घरमालक डिपाजिट परत देतो का नाय?"

हा प्रश्न माझ्याही डोक्यात आला नव्हता. आबांना घरमालकाचा इतका राग आला की त्याच दुपारी त्यांनी जाहीर करून टाकलं, "ही दोगा आपली पार्टी." त्यानंतर दर रविवारी विनय आणि राजासाठी नाचणीच्या भाकऱ्या आणि सुक्या जवळ्याची चटणी येऊ लागली. लेखकाला त्यातलं काही नाही. मी फक्त चहा करायचा.

एका स्पर्धेत पहिला प्रयोग झाला आणि आमची फजिती झाली. लोक नको तिथे हसले, शिट्ट्या आल्या. बातमी आमच्या आधी महाडात पोचली. औषधं घ्यायला येणारी पोरं विनयला बघून डोळे मिचकावू लागली. एकानं तर गोळ्यांच्या पाकिटावर बदाम काढून मागितला. विनय हसण्यावारी न्यायचा, पण आतून खचला होता. महाडच्या प्रयोगाची तारीख ठरलेली, शाळेचा हॉल मिळालेला. तो मला म्हणाला, "एक जरी शिट्टी आली ना, मी स्टेजवरून उतरणार. आणि पुन्हा कधी चढणार नाही. सांगून ठेवतो."

त्याचं चूक नव्हतं. गाव लहान, आणि रोज त्याच काउंटरला उभं राहायचं त्याला होतं. मी प्रयोग रद्द करायच्या गोष्टी करू लागलो. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. आबा खिडकीतून ऐकत होते.

"कशाला रद्द करतोस? व्हऊ दे परयोग. पार्टी मी आनतो."

रविवारी दुपारी तीनला पडदा. अडीचला एसटीतून आबा उतरले, आणि त्यांच्यामागून अख्खी वाडी! टोप्या घातलेले म्हातारे, लुगड्यातल्या बाया, सत्तावीस माणसं. मी बघतो तर दोघांच्या हातात झांजा.

"आबा, झांजा कशाला?"

"सामना हाय ना?"

"सामना नाही हो, नाटक आहे!"

"तेच त्ये," आबा म्हणाले आणि पुढच्या तीन रांगा धरून बसले. एक म्हातारी मान वळवून वळवून सगळा हॉल शोधत होती. शेवटी तिनं मला विचारलं, "तुरेवाले कुठंशी बसलंत रं?"

मी कपाळाला हात लावला.

पहिली वीस मिनिटं बरी गेली. घरमालकाचा आवाज फक्त आतून यायचा, तो आला की पुढच्या तीन रांगा त्याला एकमुखाने शिव्या घालायच्या. विनय आणि राजा स्थिरावत होते. मग तो प्रसंग आला, जिथे विनय राजाच्या शर्टाचं बटण शिवून देतो. आणि मागच्या भिंतीला टेकलेल्या टोळक्यातून शिट्टी आली. पाठोपाठ एकजण ओरडला, "अरे, यातली बायको कोण ते तरी सांगा!"

हॉल हसला. विनयची सुई हवेतच थांबली. मी विंगेत उभा होतो, मला त्याचा चेहरा दिसत होता. गेलं, संपलं. त्यानं सुई खाली ठेवली आणि शर्ट बाजूला केला.

तेवढ्यात आबा उठले. आबांच्या चेहऱ्यावर राग नव्हता हो, आनंद होता! बिचारे पडदा उघडल्यापासून वाट बघत होते. त्यांच्या हिशेबी तुरेवाले एकदाचे सापडले होते आणि त्यांनी रीतसर सवाल टाकला होता. आबांनी कानावर हात ठेवला आणि खड्या आवाजात जवाब लावला:

"कोन बाप्या नि कोन बाई, पुसतोस मोठ्या तोऱ्यात,
दोगांनी घर सारवला, तू हुबा नुस्ता दारात!"

झांजा वाजल्या. सत्तावीस गळ्यांनी ओळ झेलली, "हुबा नुस्ता दारात, गो बाय, हुबा नुस्ता दारात!" दोनदा, तीनदा. हॉल पुन्हा हसला, पण आता सगळ्या माना मागे वळल्या होत्या. तो पोरगा खरोखरच दारात उभा होता.

"जवाब दे!" आबा म्हणाले. "नायतर खाली बस."

पोरगा लालबुंद झाला. त्याचे मित्रच त्याला हसायला लागले. आपल्याकडे जाखडी कुणाला ठाऊक नाही? जवाब नसेल तर बसायचं हे त्यालाही कळत होतं. तो बसला. आबांनी स्टेजकडे वळून विनयला हात केला, "हां बाला, चालू दे तुझा."

विनय हसत होता. हसता हसता त्यानं शर्ट पुन्हा मांडीवर घेतला, बटण शिवलं आणि दोरा दातांनी तोडला. त्या दिवशी तो जे बोलला ते मी लिहिलेलंच होतं, पण मलाच नवं वाटत होतं. राजा ट्रंक घेऊन निघून गेला, विनय रिकाम्या खोलीत बसून राहिला, पडदा पडला. टाळ्या पडल्या. मागच्या भिंतीकडूनही पडल्या, खोटं कशाला बोलू?

पण पुढच्या तीन रांगा उठेनात. राजा परत यायची वाट बघत होते. मी त्यांना पटवून पटवून बाहेर काढलं.

स्टँडवर कापड्याच्या गाडीला वेळ होता. आबा माझ्यावर भडकलेले.

"तो परत का नाय आला रे?"

"आबा, खऱ्या आयुष्यात नाही येत माणूस परत."

"त्ये तू मला शिकीवतोस?" आबा म्हणाले आणि बाकाच्या कडेला टेकले. वाडीची माणसं शेंगदाणे खात लांब बसली होती.

"गनपा मुंबैला ग्येला तवा ह्याच स्टँडावर मी त्याची ट्रंक गाडीवर चढवली," ते म्हणाले. "आमच्या नाचात राधा व्हायचा तो. चौदा वर्सं मी आन तो, जोडीनी. मग त्याचा लगीन ठरला, गिरनीत चिकटला. वाडी सगली वाजतगाजत आली व्हती पोचवायला. सगल्यात मोठ्यानी मीच गात व्हतो." त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "'नको जाव' येवढाच म्हनायचा व्हता. त्येवढा नाय जमला रे भाऊ."

कापड्याची गाडी लागली, माणसं उठली. आबा पायरीवर चढले, पुन्हा उतरून माझ्याजवळ आले.

"ह्यो नाटक मुंबैला करनार काय तुमी?"

"बोलावलं कुणी तर करू."

"लालबागच्या बाजूला बघ. लांब नको घेव." त्यांनी माझा दंड धरला. "त्याला चालवत नाय आता, गुडघं ग्येलं त्याचं. सवच्या झऱ्याचा गरम पानी धाडतो मी कॅनमदनं, गुडघ्यावर वतायला, कोन ना कोन जातोच मुंबैला. पन थितं पोचंस्तोवर त्ये गार पडतं."