रखमाबाईंच्या चपला आणि अग्रक्रम पास

कोपरच्या त्या दोन खोल्यांच्या घरात सान्वीची उंची हा राष्ट्रीय महत्त्वाचा विषय होऊन बसला होता. कारण कोलशेतच्या ‘मौजधाम’ उद्यानात ‘फुलपाखरू’ नावाचा पाळणा होता आणि त्या पाळण्याच्या दाराशी एक लाकडी ससा उभा होता. सशाच्या कानाच्या टोकापेक्षा जो उंच, त्याला फुलपाखरात प्रवेश नाही, असा नियम होता. सान्वी पहिल्यांदा तिथे गेली तेव्हा ती सशाच्या मिशांना लागत होती. त्या दिवशी गर्दी फार, म्हणून ‘पुढच्या वर्षी नक्की’ असं ठरलं. पुढच्या वर्षी ती सशाच्या डोळ्यांपर्यंत आली आणि गर्दीही तेवढीच वाढली. त्याच्या पुढच्या वर्षी नेमक्या कांजिण्या निघाल्या. आता ती कानाच्या टोकाला टेकली होती. पोर वाढतं, ससा वाढत नाही, आणि व्यवस्थापनाने त्याची काही तरतूद केलेली नव्हती.

तिचा बाप ऋतुराज हा सोसायटीचा सेक्रेटरी. नियमावर त्याची श्रद्धा होती आणि जिन्यात सायकल ठेवणाऱ्यांना तो स्वप्नातसुद्धा नोटिसा देत असे. कल्पिताला, म्हणजे त्याच्या बायकोला, त्या रविवारी दवाखान्यात ड्यूटी होती. निघताना तिने एकच गोष्ट बजावली. “हे बघ, बाकी काही नको. टॉय ट्रेन नको, पाण्यातली घसरगुंडी नको, आइस्क्रीम नको. तिला फक्त त्या फुलपाखरात बसव. पुढच्या वर्षी नाही बसता यायचं.”

“अगं, मी आहे ना,” ऋतुराज म्हणाला.

बरोबर त्याची आई, रखमाबाई, होती. रखमाबाईंचं सगळं आयुष्य शहाडच्या चाळीत नळाच्या रांगेत गेलेलं. रांग म्हटली की त्यांच्या अंगात एक प्रकारचा अधिकार संचारायचा.

मौजधामच्या रखवालदाराने सान्वीला सशाशेजारी उभं केलं. तिने बूट काढले, वेणी सोडली, मान जराशी आत घेतली आणि श्वास रोखला. रखवालदाराने वाकून पाहिलं. “बसतंय. पण लास्ट चान्स हाय हां, पोरी.” सान्वीने श्वास सोडला, आणि तिच्या तोंडावर जे हसू आलं ते बघून ऋतुराजला आपण तीन वर्षं उगाच घालवली असं मनापासून वाटलं. आज काहीही झालं तरी तिला बसवायचंच, असं त्याने ठरवलं. पुढचं सगळं रामायण या सद्हेतूतूनच घडलं, हे वाचकांनी ध्यानात ठेवावं.

पाळण्यापुढे दोन रांगा होत्या. एका पाटीवर ‘सर्वसाधारण’ आणि दुसऱ्या पाटीवर ‘अग्रक्रम’. दोन्हींच्या मध्ये छत्रीखाली सुधीर नावाचे गृहस्थ बसले होते. त्यांच्या छातीवर ‘प्रतीक्षा अधिकारी’ असा बिल्ला होता.

“अग्रक्रम पास घेतला की सर्वसाधारण रांगेच्या पुढे जाता येतं,” सुधीररावांनी माहिती दिली. 

“म्हणजे थांबायचं नाही?” ऋतुराजने विचारलं.

“थांबायचं, पण पुढे.”

ऋतुराजने क्षणभर विचार केला. एरवी त्याने पैसे देऊन पुढे घुसणाऱ्यांवर सोसायटीच्या सभेत भाषण केलं असतं. पण इथे पैसे देऊन घुसण्याचा नियमच होता, आणि नियम म्हटल्यावर प्रश्न मिटला. त्याने पास मागितला, स्वतःचा आणि सान्वीचा.

“लहान मुलांना पास देता येत नाही, साहेब. पासाच्या मागे अटी आणि शर्ती असतात. त्या अठरा वर्षांखालच्यांना मान्य करता येत नाहीत.”

“अहो, पण पाळणा लहान मुलांचा आहे!”

“पाळणा लहान मुलांचा आहे. पास मोठ्यांचा आहे. दोन वेगवेगळी खाती आहेत.”

दुसरा कोणी असता तर इथून मागे फिरला असता. पण ऋतुराजचं आजोळ साताऱ्याकडचं, आणि दर मे महिन्यात एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकून जागा धरायचं शिक्षण त्याला लहानपणीच मिळालेलं. त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. “आई, असं करू. तू आणि सान्वी साध्या रांगेत राहा. मी पासावर पुढे जातो आणि फुलपाखरात रुमाल टाकून ठेवतो. तुमचा नंबर लागला की सान्वीला थेट तिथे बसवू.”

“रुमाल टाकून?” रखमाबाईंना योजना पसंत पडली. “जा मग. लवकर जा.”

तो अग्रक्रम रांगेकडे वळला आणि थबकला. अग्रक्रम रांग पाळण्यापासून सुरू होऊन, पाणपोईला वळसा घालून, वाहनतळापर्यंत गेली होती. लांबून आलेल्या प्रत्येक शहाण्या माणसाने पास घेतला होता. उलट सर्वसाधारण रांगेत जेमतेम पंचवीस-तीस जण होते. परत जावं असं ऋतुराजला वाटलं, पण पास परत घेतला जात नव्हता. घेतलेल्या पासाला जागून तो शेवटी जाऊन उभा राहिला.

इकडे रखमाबाईंनी रांगेवर नजर टाकली. ऊन चांगलंच तापलं होतं आणि लहान लहान पोरं भाजत उभी होती. “उभं कशापायी ऱ्हायचं?” त्या शेजारणीला म्हणाल्या. “आमच्या चाळीत हंडा रांगेत असायचा, बाई नाय. बाई घरी भाकऱ्या करायची. हंडा नाय ना इथं? मग चप्पल ठेवा.” असं म्हणून त्यांनी आपल्या चपला फरशीवर, आपल्या जागी, नीट जोडून ठेवल्या आणि सान्वीला घेऊन आंब्याच्या झाडाखाली जाऊन बसल्या. बघता बघता सगळ्यांनी तेच केलं. बूट, सँडल, फुलांच्या छोट्या चपला, सगळं ओळीने लागलं. एक फेरी सुटली की एक बाई उठायची आणि सगळी ओळ पायाने पुढे सरकवायची. भांडण नाही, ढकलाढकली नाही. सावलीत पोरांचा भेंड्यांचा खेळ रंगला आणि कुणीतरी लाडू काढले.

अग्रक्रम रांगेत मात्र माणसं उन्हात उभी होती, कारण पासधारकाने स्वतः उभं राहिलं पाहिजे, असं पासाच्या मागे छापलं होतं. तिथल्या लोकांची नजर सारखी झाडाकडे जाऊ लागली. ऋतुराजच्या पुढे ठाण्याचे रतनशेठ म्हणून एक गृहस्थ होते, कपड्यांच्या दुकानाचे मालक. ते घाम पुसत म्हणाले, “अरे यार, हे काय आहे? आपण पुढे चाललोय ते नक्की कुणाच्या?”

“म्हणजे?”

“पुढे जायला मागे कोणीतरी पाहिजे ना! इथे तर नुसत्या चपला आहेत. मी चपलांच्या पुढे जायला पैसे दिले का?”

हा मुद्दा ऋतुराजला एकदम पटला. त्यालाही मघापासून काहीतरी टोचत होतं, पण नेमकं काय ते कळत नव्हतं. आता कळलं. आपण पासधारक, आणि आपल्याकडे कोणी बघतसुद्धा नाही! सेक्रेटरीचं रक्त उसळलं. झाडाखाली आपलीच आई आणि आपलीच मुलगी बसली आहे, हे त्या वेळी त्याच्या ध्यानात आलं नाही, असं म्हणावं तर तो खोटेपणा होईल. ध्यानात आलं होतं. पण तत्त्वाच्या प्रश्नात घरचे लोक आणू नयेत, असं त्याचं मत होतं.

पाचपन्नास पासधारकांना घेऊन तो सुधीररावांकडे गेला. “ही पासधारकांची उघड फसवणूक आहे. सर्वसाधारण रांगेत त्रास दिसला पाहिजे. त्रासच नसेल तर आम्ही कशातून सुटलो?”

सुधीररावांनी गांभीर्याने मान हलवली. “मुद्दा रास्त आहे, साहेब. प्रतीक्षेचा दर्जा घसरलाय खरा.” त्यांनी लगेच भोंगा उचलला. “सूचना! सर्वसाधारण रांगेत पादत्राणे ग्राह्य धरली जाणार नाहीत. रांगेतील व्यक्तीने समक्ष, उभ्याने आणि उन्हात थांबावे. सर्व पासधारक पुढे गेल्याशिवाय सर्वसाधारण रांग हलणार नाही. बेवारस चपला जप्त करण्यात येत आहेत.”

दोन कामगार आले आणि चपला गोणीत भरून घेऊन गेले. झाडाखालची माणसं धावत येऊन उभी राहिली. रखमाबाई अनवाणी होत्या. तापलेल्या फरशीवर त्या एकदा डावा पाय उचलत होत्या, एकदा उजवा. सान्वीने पिशवीतला आपला टॉवेल काढून आजीच्या पायांखाली घातला. अग्रक्रम रांगेत समाधानाची एक लहर पसरली.

“कुणा मेल्यानं तक्रार केली रं?” रखमाबाईंनी लांबूनच ओरडून विचारलं.

“माहीत नाही, आई! थोडा दम धर, मी पोचलोच!” ऋतुराज ओरडला.

पण तो पोचत नव्हता. ऊन कलायला लागलं, आणि अग्रक्रम रांगेत तो अजून पाणपोईशीच होता. तेवढ्यात सुधीरराव गळ्यात पेटी अडकवून हिंडू लागले. अग्रक्रम रांगेच्या पुढे जायचं असेल, तर ‘परमाग्रक्रम’ पास होता. इतके पैसे गेलेच आहेत, तर आता ते वाया कसे घालवायचे, असा हिशेब सगळ्या शहाण्या माणसांनी केला. रतनशेठनी घेतला, ऋतुराजने घेतला. त्याला घ्यावाच लागला, कारण शेवटच्या फेरीची घोषणा झाली होती आणि सान्वीसाठी रुमाल टाकायचा होता.

अखेर तो फुलपाखरापाशी पोचला. दोरीच्या पलीकडे सान्वी केव्हाची उभी होती. सर्वसाधारण रांग थांबवली तेव्हा नेमका तिचाच नंबर आला होता, त्यामुळे ती पहिली होती. एक दोरी काय ती मध्ये.

“बाबा!” ती उड्या मारत होती. “टाका, टाका! रुमाल टाका!”

ऋतुराजने पिवळ्या फुलपाखराच्या सीटवर रुमाल टाकला. पाळणेवाल्याने तो दोन बोटांनी उचलून परत दिला. “रुमालाचा पास आहे का?”

“अहो, माझी मुलगी आहे. ही काय, इथे उभी आहे. मला नाही बसायचं. माझ्या जागी तिला बसवा.”

“पास हस्तांतरित होत नाही. आणि तुम्ही बसला नाहीत तर सीट रिकामी जाईल. रिकामी गेली तरी तिला देता येणार नाही. पासधारक शिल्लक आहेत.”

“मी सशापेक्षा उंच आहे!” ऋतुराजने शेवटचा कायदा काढला.

“ससा सर्वसाधारण रांगेचा आहे, साहेब. बसा. मागे लोक खोळंबलेत.”

मागे लोक खरंच ओरडत होते. ऋतुराज बसला. गुडघे हनुवटीला लागले. शेजारी रतनशेठ कसेबसे मावले आणि त्यांच्यावर पट्टा बसेना, म्हणून तो दोरीने बांधला. बाकीच्या फुलपाखरांतही असेच एकेक बाप कोंबून बसवले होते. घंटा वाजली, बडबडगीत सुरू झालं, आणि टक्कल पडलेली, पोट सुटलेली बारा फुलपाखरं पंख हलवत आभाळात चढली. खाली सगळी पोरं दोरीला धरून, माना वर करून बघत होती.

पहिल्या गिरकीत ऋतुराजने खाली वाकून पाहिलं. सान्वी हात हलवत होती. तिला अजून वाटत होतं की बाबा खाली आले की आपला नंबर. दुसऱ्या गिरकीत त्याची नजर तिच्यामागच्या रांगेवर गेली. वरून रांग फार मोठी दिसत होती. केवढी माणसं, केवढा त्रास, आणि आपण वर! वारा छान लागत होता. खरं सांगायचं तर, त्याला बरं वाटलं. तिसऱ्या गिरकीत तो चक्क हसला, आणि नेमका तेव्हाच खालून उद्यानाच्या फोटोग्राफरने फोटो काढला. परमाग्रक्रमवाल्यांना तो मोफत होता.

फेरी संपली तशी पाळण्यावर ताडपत्री ओढली गेली. सान्वीने दोरी सोडली. रखमाबाईंनी गोणीतून आपल्या चपला शोधल्या. दोन मिळाल्या, दोन्ही डाव्या.

रिक्षात कल्पिताचा फोन आला. “बसली का सान्वी?”

“अगं, रांग केवढी होती,” ऋतुराज म्हणाला. पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. त्याने आपला फुलपाखरातला फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. कोपर येईपर्यंत पस्तीस जणांनी अंगठे दाखवले आणि अकरा जणांनी विचारलं, ‘हा पास कुठे मिळतो?’

घरी कल्पिताने सान्वीला दाराच्या चौकटीला उभं केलं, जिथे सशाच्या कानाची खूण पेन्सिलने केलेली होती. बूट नव्हते, वेणी सुटलेलीच होती. या वेळी सान्वीने मान आत घेतली नाही, उलट ती टाचा उंचावून उभी राहिली.

“अगं, अशी काय उभी राहतेस?” कल्पिता म्हणाली. “नीट राहा.”

“मला लवकर मोठं व्हायचंय,” सान्वी म्हणाली. “मोठं झाल्यावर फुलपाखरात बसायला मिळतं. लहान असताना रांगेत उभं राहायचं असतं. हो ना, बाबा?”

ऋतुराज टीव्ही लावायला उठला.

आता तुम्ही म्हणाल, बापाने असं वागायला नको होतं, आम्ही असतो तर पोरीला दोरीखालून आत घेतलं असतं. अगदी बरोबर. मौजधामने तुमच्यासाठी हल्लीच एक खिडकी उघडली आहे. ‘आम्ही असतो तर’ म्हणणाऱ्यांची ती रांग सध्या कोलशेतच्या नाक्यापर्यंत आली आहे. पण तुम्ही तिच्यात उभे राहू नका. तुम्ही पास काढा.